मुकादमाचा जाच आणि मालकाचे मौन

'जाच' हा शब्द मराठी कानाला प्रथम घरातला वाटतो. सासूचा जाच, नणंदेचा जाच, सावत्र आईचा जाच. कचेरीतल्या किंवा कारखान्यातल्या छळासाठी आपण तो क्वचित वापरतो; तेथे दमदाटी, अरेरावी, दादागिरी, पिळवणूक असे शब्द पुढे येतात. पिळवणूक हा चळवळीचा शब्द आहे, तो व्यवस्थेविषयी बोलतो. दादागिरी रस्त्यावरची, तिच्यात अंगबळाचा वास आहे. पण वरच्या जागेवरचा माणूस खालच्याला रोज थोडे थोडे खच्ची करतो, कामावरून काढत नाही आणि कामावर सुखाने राहूही देत नाही, आणि तक्रार केली तर ऐकणाऱ्याला ती क्षुल्लक वाटावी अशा बेताने हे सारे करतो, या प्रकाराला मराठीत अजून सर्वमान्य नाव नाही. आम्ही येथे 'जाच' हाच शब्द वापरणार आहोत. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास वाचताना आम्हाला असे दिसले, की तेथल्या छळाची भाषा बरीचशी घरातलीच होती. छळणारा बहुधा कोणाचा तरी मामा, काका किंवा गाववाला असे.

हा माणूस म्हणजे गिरणीतला जॉबर, अर्थात मुकादम. मुकादम हा अरबीतून आलेला शब्द. पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला असा त्याचा मूळ अर्थ. मराठी मुलखात गावच्या पाटलालाही मोकदम म्हणत. गिरणीने हा शब्द गावातून उचलला आणि त्याबरोबर गावातला थोडा अधिकारही उचलला. (उसाच्या फडावरचा मुकादम आणि त्याने दिलेली उचल आजही आहे, म्हणून हा विषय केवळ पुराणवस्तूंचा आहे असे कोणी समजू नये. पण ऊसतोडीचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.)

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली आणि 1856 मध्ये मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली. 1920 च्या दशकापर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात आणि कामगारांची दीड लाखाच्या घरात गेली. एवढी माणसे आणली कोणी, शिकवली कोणी, सांभाळली कोणी? मालकांची कचेरी फोर्टात. व्यवस्थापक आणि वीव्हिंग मास्तर, स्पिनिंग मास्तर हे पुष्कळदा इंग्रज किंवा पारशी. कामगार मुख्यतः रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे, पुणे-नगरकडचे. पुढे उत्तर हिंदुस्थानातले. या दोहोंच्या मध्ये भाषेची आणि जातीची जी दरी होती ती बुजवण्याचे काम मालकांनी स्वतः कधी अंगावर घेतले नाही. ते त्यांनी जॉबरकडे सोपवले. आपल्या खात्यात माणूस घ्यायचा तो जॉबरने, त्याला काम दाखवायचे जॉबरने, यंत्र बिघडले तर बघायचे जॉबरने, रजा द्यायची जॉबरने, आणि 'उद्यापासून येऊ नकोस' हेही सांगायचे त्यानेच.

या अधिकाराचे यंत्र कसे चालत असे ते नीट पाहणे आवश्यक आहे, कारण जाच हा नेहमी तपशिलात असतो. गिरणीला दररोज लागणारी माणसे सारखी नसत. खाडे पडत, मालाची मागणी कमीजास्त होई, सुगीला किंवा शिमग्याला माणसे गावी जात. म्हणून दर सकाळी भोंग्याच्या वेळी दरवाजावर बदलीवाले उभे राहत. त्यांतून कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. त्यासाठी लेखी नियम नव्हता, क्रम नव्हता, यादी नव्हती. कालचा माणूस आज चालेलच असे नाही. उभे राहणाऱ्याला आपण का घेतलो गेलो नाही याचे कारण कधी कळत नसे, आणि कारण कळत नसल्यामुळे तो ते स्वतःच्या वागण्यात शोधू लागे. काल नमस्कार राहिला का? परवा दारूचे पैसे दिले नाहीत म्हणून? मेव्हण्याच्या लग्नाला गेलो नाही म्हणून? आमच्या मते जॉबरच्या सत्तेचे खरे बळ या न सांगितलेल्या कारणात होते. शिव्या आणि धक्काबुक्की होतीच, पण तिची गरज नेहमी पडत नसे.

दुसरा भाग पैशाचा. नोकरी लावून दिल्याबद्दल जॉबरला काही द्यावे लागे, ती टिकवण्यासाठी पगाराच्या दिवशी पुन्हा द्यावे लागे. या देण्याला दस्तुरी म्हणत. माथेरानला मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यामुळे हा शब्द आज निदान ऐकून तरी माहीत असतो. दस्तूर म्हणजे रीत; तेव्हा दस्तुरी म्हणजे रीतीने चालत आलेले देणे. लाच म्हटले की देणारा-घेणारा दोघेही चोरटे होतात, दस्तुरी म्हटले की दोघेही रीतीला धरून वागणारे ठरतात. भाषेने येथे जाचाला केवढी मोठी सवलत दिली आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी लक्षात घ्यावे.

आणि याच्याच जोडीला कर्ज. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या मध्यावर किंवा त्यानंतर हाती येणारा. म्हणजे नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना उलटे. तोवर खायचे काय, खोलीचे भाडे द्यायचे कशातून? जॉबर उसने देई, व्याजाने देई, खानावळीत शब्द टाकी, वाण्याकडे जामीन राही, चाळीत अंथरुणापुरती जागा मिळवून देई. काही जॉबर स्वतःच खोल्या भाड्याने देत किंवा दारूच्या गुत्त्यात भागीदार असत. गिरणीतून सुटल्यावरही कामगार त्याच्या हद्दीतून बाहेर पडत नसे. ज्याच्या उपकाराखाली आपण निजतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायची कोणाकडे, आणि कोणत्या तोंडाने? येथे मालकाची जबाबदारी फार साध्या रीतीने दाखवता येते. पगार वेळेवर दिला असता तर या कर्जाचा निम्मा आधारच उरला नसता. पण महिना-दीड महिन्याचे वेतन हातात ठेवून घेणे मालकाच्या सोयीचे होते. माणूस सहजी सोडून जात नसे.

आता एक प्रश्न. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या पाच होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा जायबंदी झालेल्याच्या चरितार्थाची सोय. यांतली रविवारची मागणी 1890 च्या जूनमध्ये मालकसंघाने मान्य केली हे सर्वांना ठाऊक आहे. पण या पाचांत जॉबरविषयी एक शब्दही नाही. 'दीनबंधु'च्या संपादकाला गिरणीतला जाच माहीत नव्हता असे कोण म्हणेल? ते स्वतः काही काळ गिरणीत नोकरीला होते.

याचे उत्तर देताना आम्ही अनुमानाचा आधार घेत आहोत हे आधीच सांगतो. हजारो कामगारांना एका मैदानात आणायचे तर ते जॉबरांच्या संमतीशिवाय, किंबहुना त्यांच्या मदतीशिवाय, त्या काळी जवळजवळ अशक्य होते. निवेदनावर उठलेले आंगठे कोणी गोळा केले असतील? ज्याच्या हाताने सह्या येतात त्याच्याविरुद्धचे कलम त्या कागदावर कसे यावे? शिवाय वेळ आणि पगार या मोजता येणाऱ्या गोष्टी होत्या, त्या मागता येत होत्या. अपमान मोजता येत नव्हता. तरीही पगाराच्या तारखेची मागणी वाचताना आम्हाला वाटते, की लोखंड्यांनी जॉबरच्या मुळावर घाव घातलाच होता. फक्त त्याचे नाव घेतले नव्हते. ही मागणी कायद्यात यायला 1936 चा वेतन अधिनियम उजाडावा लागला. त्याने पगार सात किंवा दहा दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले, आणि दंडाची कमाल रुपयामागे अर्धा आणा एवढी ठरवली. मधे 52 वर्षे गेली.

जॉबर हा खलनायक म्हणून रंगवणे सोपे आहे. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांच्या जीवनावरची कादंबरी लिहिली तेव्हापासून आपल्याकडे गिरणगावाचे साहित्य आहे, आणि त्यात मालक व कामगार या दोन टोकांना जेवढी जागा मिळते तेवढी मधल्या माणसाला मिळत नाही. मिळते तेव्हा तो बहुधा मिशा पिळणारा असतो. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात, 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' या नावाच्या, या चित्राला महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. जॉबरची सत्ता निरंकुश नव्हती. त्याच्या वर हेड जॉबर होता, मास्तर होता. त्यांनाही खूश ठेवावे लागे. त्याची माणसे कामाला आली नाहीत, किंवा दुसऱ्या जॉबरकडे गेली, तर मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. म्हणून त्याला वस्तीत पत राखावी लागे: सणाला वर्गणी, आखाड्याला मदत, अडलेल्याला चार पैसे. त्याच्याकडून मिळणारी वागणूक आणि त्याच्याकडून मिळणारा आसरा यांची गाठ अशी होती की एक सोडवायला गेले तर दुसरी तुटे. आणि आपल्या माणसांची बाजू घेऊन तो कधी कधी संपातही पुढे येई, कारण तसे केले नाही तर माणसे त्याच्या हातून जात.

ही दुरुस्ती आम्हाला पटते. तिच्यामुळे जाच कमी ठरत नाही, तो समजतो मात्र अधिक. कलकत्त्याच्या तागगिरण्यांतल्या सरदाराविषयी दीपेश चक्रवर्ती यांनी 1989 मध्ये लिहिताना वेगळ्या अंगावर भर दिला होता. तेथे सरदाराचा अधिकार हा समाजातल्या जुन्या उच्चनीच संबंधांतून आलेला, उघड दंडशक्तीचा आणि लाचेचा अधिकार म्हणून दिसतो. दोन अभ्यासकांच्या या मतभेदात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो, की चंदावरकरांच्या जॉबरला वाटाघाट करावी लागते आणि चक्रवर्तींच्या सरदाराला करावी लागत नाही, पण दरवाजावर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला हा फरक रोज सकाळी जाणवत असेल असे वाटत नाही.

(आमच्यापैकी एकाने एका महाविद्यालयात चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. दर जूनमध्ये यादी लागेल की नाही, लागली तर आपले नाव असेल की नाही, हे तेथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मर्जीवर होते. त्यांना सर्व जण आदराने 'सर' म्हणत, आणि त्यांच्या मुलीच्या विवाहात पंगतीला वाढायला अर्धा विभाग होता. कोणी कोणावर सक्ती केली नव्हती. बदलीवाल्याविषयी वाचताना तो वाढपाचा दिवस आठवला म्हणून हा कंस.)

स्त्रियांचा प्रश्न वेगळा होता. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. त्यांच्यावर नाईकीण असे. नाईकीण म्हणजे स्त्री-जॉबरच. भरती, दस्तुरी, गैरमर्जी सारे तसेच. एक फरक असा, की स्त्रीला नोकरी गेल्यावर दुसऱ्या गिरणीत उभे राहणे पुरुषापेक्षा कठीण, कारण तिला घरी मुले आणि तिच्याकडे चार गिरण्यांच्या दरवाजांवर फिरण्याइतका वेळ नसे. पुष्कळ जणी विधवा किंवा एकट्या. हिंदुस्थानातील कामगारांविषयीचे रॉयल कमिशन 1929 मध्ये नेमले गेले, जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली, तेव्हा त्यात ना. म. जोशी होते, तसेच सर व्हिक्टर ससून आणि घनश्यामदास बिर्ला हे गिरणीमालकही होते. बेरिल पॉवर या एकमेव स्त्री सभासद. नाईकिणीच्या जागी सुशिक्षित स्त्री देखरेखीला नेमावी असा या कमिशनचा विचार. सुशिक्षित स्त्री म्हणजे जाच करणार नाही, हे कमिशनने गृहीत धरले होते. शिक्षकांच्या खोलीत बसणारे आपण ते इतक्या सहज धरणार नाही.

या स्त्रियांमध्ये काम केलेल्या उषाबाई डांगे यांनी 1970 मध्ये आपल्या आत्मकथनाला नाव दिले 'पण ऐकतं कोण?'. आत्मचरित्राच्या वर्गात आपण लक्ष्मीबाई टिळक शिकवतो, आनंदीबाई कर्वे शिकवतो, आणि ते योग्यच आहे. उषाबाईंचे पुस्तक, किंवा गिरणी कामगार पार्वतीबाई भोर यांनी सांगितलेली हकिकत, अभ्यासक्रमाच्या यादीत आम्हाला फारशी आढळलेली नाही. गिरणीतली स्त्री आपल्याकडे इतिहासकारांच्या तळटीपांत आहे, साहित्याच्या वर्गात नाही.

जाचाचा आणखी एक प्रकार असा होता की त्यात जॉबर केवळ निमित्तमात्र. गिरणीत साळखाते, म्हणजे विणकामाचे खाते, सर्वांत जास्त मजुरीचे. त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना शिरकाव नव्हता. कारण असे सांगितले जाई, की कांडी बदलली की धोट्याच्या छिद्रातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने कसे लावायचे? म्हणजे कोकण्याच्या तोंडाचा धोटा घाटावरच्याला चालत होता, पण महाराच्या तोंडाचा चालत नव्हता. ही बंदी कोणत्याही नियमावलीत नव्हती. ती सहकाऱ्यांनी पाळलेली, जॉबरने अमलात आणलेली आणि मालकाने पाहिलेली होती.

1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगारांचा सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क तुम्ही मान्य करणार नसाल तर त्यांनी तुमच्या संपात का यावे, असा तो रोखठोक प्रश्न होता. पुढाऱ्यांनी नाखुशीने ही मागणी यादीत घेतली. धनंजय कीरांनी आंबेडकरचरित्रात पुढची हकिकत दिली आहे: मागणी मालकांपुढे गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे उत्तर मालकांनी दिले. या एका उत्तरासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला असे म्हटले तरी चालेल. उत्तर खोटे नाही. साळखात्याच्या दारावर मालक उभा नव्हता, विणकर उभे होते. पण त्या खात्याचे दार, त्यातले माग, त्यावरची मजुरी आणि त्यात कोणाला घ्यायचे हे ठरवणारा जॉबर, सारे मालकाचेच होते. गिरणी आपली आणि गिरणीत घडते ते मात्र कामगारांचे आपापसातले, ही भूमिका मालकांनी दस्तुरीबाबतही घेतली, मारहाणीबाबतही घेतली. तक्रार कोणी लेखी करत नाही, पुरावा मिळत नाही, लोकांची रीतच अशी आहे. आणि खरोखरच पुरावा मिळत नव्हता. ज्याची नोकरी जॉबरच्या हाती तो जॉबरविरुद्ध साक्ष देणार कशी? पुरावा मिळू नये अशी रचना ज्यांनी केली, तेच पुराव्याअभावी हतबल होते.

रॉयल कमिशनचा अहवाल 1931 मध्ये आला. दस्तुरी सर्वत्र आहे, नोकरी मिळवायला आणि टिकवायलाही ती द्यावी लागते, जॉबरला आपल्या वरच्या हेड जॉबरचे तोंड गोड करावे लागते आणि देखरेखीच्या वरच्या नोकरवर्गापर्यंतही वाटा पोचतो असे म्हटले जाते, हे अहवालाने नोंदवले. अर्थात जाच एका माणसाच्या स्वभावाचा नव्हता, त्याला जिना होता. उपाय म्हणून कमिशनने भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढून घ्यायला सांगितले आणि गिरणीगणिक लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. हा अधिकारी थेट सर्वोच्च व्यवस्थापकाखाली असावा, इतर कोणाच्या हाताखाली नसावा. त्याच्या अंगी सचोटी हवी, माणसे ओळखण्याची हातोटी हवी आणि कामगारांच्या भाषांवर पकड हवी. भाषेची ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. पाऊणशे वर्षे गिरण्या चालल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की तक्रार ऐकायची तर ती ज्या भाषेत होते ती भाषा यावी लागते.

शिफारशी झाल्या, आणि काही काळ तशाच राहिल्या. मग हालचाल केव्हा झाली? येथे तारखा बोलक्या आहेत. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या संपाने गिरणी कामगार युनियन उभी केली आणि तिच्या गिरणी समित्या खात्याखात्यांत जॉबरला आव्हान देऊ लागल्या. कामगार आता आपले गाऱ्हाणे जॉबरला वगळून समितीकडे नेऊ लागला. 1929 मध्ये पुन्हा संप, 1934 मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप. जॉबर आता माणसे आणू शकत होता, पण संपाच्या दिवशी थोपवू शकत नव्हता. ज्या कामासाठी मालकांनी पाऊण शतक त्याच्याकडे काणाडोळा केला, तेच त्याच्याने होईना. 1934 च्या संपानंतर त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा केला आणि सरकारी लेबर ऑफिसर नेमला. मालकसंघानेही आपला लेबर ऑफिसर नेमला. 1935 मध्ये मालकसंघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठराविक बदलीवाल्यांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या.

म्हणजे ज्या उपायांनी जॉबरचा हात आखडणार होता ते उपाय कामगाराच्या दुःखाने सुचले नव्हते, किंवा सुचले असले तरी त्या दुःखाने अमलात आले नाहीत. लेबर ऑफिसर हा जॉबरला पर्याय होता तसाच युनियनलाही पर्याय होता. गाऱ्हाणे लाल बावट्याकडे जाण्याऐवजी आमच्या मेजावर यावे, हा त्यामागचा हेतू त्या काळात कोणी फारसा लपवलाही नाही. आम्हाला या हेतूची चीड येते हे कबूल करून असेही म्हटले पाहिजे, की हेतू काहीही असो, कार्ड हाती असलेला बदलीवाला एक तारखेनंतर निदान महिनाभर तरी काल नमस्कार राहिला का याचा विचार न करता उभा राहू शकत होता. हे थोडे नव्हे. ज्यांनी तसे उभे राहून पाहिलेले नाही त्यांनाच ते थोडे वाटेल.

अर्थात कार्ड कोणाला मिळायचे, हा प्रश्न उरलाच, आणि कार्ड देणाऱ्या बाबूला खात्यातल्या माणसांची माहिती देणारा जॉबरच होता. त्यामुळे दस्तुरी काही काळ तारीख बदलून चालू राहिली. मुंबई सरकारने नेमलेल्या कापडगिरणी कामगार चौकशी समितीचा अंतिम अहवाल 1940 मध्ये आला, तेव्हाही जॉबर आणि भरती हा प्रश्न तिच्या पटलावर होताच. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानंतर आणि 1950 मध्ये बदलीवाल्यांच्या नोंदणीची सरकारी योजना आल्यानंतर जॉबरचा भरतीतला हात खऱ्या अर्थाने ढिला पडला. पुढे जॉबर हा यंत्रे लावून देणारा, दुरुस्त करणारा कारागीर म्हणून उरला. 1982 च्या संपात तो इतरांबरोबरच बाहेर होता आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा इतरांबरोबरच घरी बसला.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखतींचा जो मोठा संग्रह 2004 मध्ये प्रसिद्ध केला, तसे काम शतकापूर्वी कोणी केले असते तर दस्तुरी देणाऱ्याचे स्वतःचे शब्द आज आपल्यापाशी असते. आपल्यापाशी आहेत ते कमिशनपुढच्या साक्षींचे इंग्रजी. कामगार मराठीत बोलला, दुभाष्याने इंग्रजीत सांगितले, लघुलेखकाने उतरवले, आणि मग ते छापले. 'जाच' हा शब्द त्या साक्षींत कोणी उच्चारला होता का, आणि उच्चारला असेल तर दुभाष्याने त्याचे काय केले, हे त्या छापील पानांवरून आता कळण्याचा मार्ग नाही. दस्तुरी आणि बदली हे शब्द मात्र त्यांत तसेच, तिरप्या अक्षरांत राहिले आहेत, कारण त्यांना इंग्रजीत नाव सापडले नाही.